फुंकणी ते लायटर : आपल्या हातातल्या विस्तवाचा इतिहास

रौप्य म्हणजे चांदी. रौप्यमहोत्सव म्हटला की आपल्या तालुक्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हुपरी येणारच. हातकणंगले तालुक्याच्या दक्षिण अंगाला, कर्नाटकाच्या सीमेजवळ असलेलं हे गाव पैंजणांसाठी देशभर ओळखलं जातं. चांदीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. पण चांदीचे दोन तुकडे ज्या ज्योतीने एकमेकांना जोडले जातात, त्या ज्योतीबद्दल मी कुठे वाचलेलं नाही. बँकेच्या नोकरीत कर्जप्रकरणांच्या तपासणीसाठी हुपरीला पुष्कळ वेळा जाणं झालं, त्यामुळे ती ज्योत जवळून पाहिली. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की हुपरीच्या कारागिराच्या हातातला गॅसचा टॉर्च, आपल्या स्वयंपाकघरातला लायटर आणि खिशातली काडेपेटी ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. त्यांचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण आपल्यासारख्या एकाच छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांच्या कामाचाही आहे. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

हुपरीची फुंकणी

सत्तरच्या दशकात मी नोकरीला लागलो. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना सुरू झाली होती. लहान कारागिरांच्या दारात बँक जाऊ लागली ती याच काळात. हुपरीत व्यवसाय म्हणजे घर आणि घर म्हणजे व्यवसाय. सोप्यात एक जण तार ओढतोय, आत बायका कड्या जुळवतायत, कोपऱ्यात झाळकाम चाललंय, असं चित्र.

झाळकाम म्हणजे चांदीच्या दोन तुकड्यांचा जोड पक्का करणं. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. जोडासाठी चांदी, तांबं आणि जस्त यांचा एक मिश्रधातू वापरतात. तो त्याच्या बराच आधी, साधारण सातशे अंशांच्या आसपास वितळतो. जोडावर टाकणखार लावायचा, त्यावर त्या मिश्रधातूचा बारीक कण ठेवायचा आणि ज्योत द्यायची. टाकणखार वितळून धातूवर काचेसारखा थर धरतो आणि हवेला दूर ठेवतो. मग कण वितळून जोडात ओढला जातो.

आता अडचण अशी, की रॉकेलच्या दिव्याच्या नुसत्या ज्योतीने हे काम होत नाही. ती पिवळी, मऊ आणि काजळीची असते. तिच्यात हवा कमी पडते. म्हणून कारागीर तोंडात वाकडी पितळी फुंकणी धरायचा आणि ज्योतीवर बारीक झोत सोडायचा. ज्योत आडवी व्हायची, टोकदार व्हायची आणि निळी पडायची. मौज म्हणजे हा झोत तुटू द्यायचा नसतो. गाल फुगवून त्यांचा भाता करायचा, नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी गालांतली हवा फुंकणीतून सोडत राहायची. मी एकदा करून बघितलं; दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली. एक वयस्कर कारागीर हसून म्हणाले, "साहेब, ह्ये बारा वर्सांचं असल्यापासनं करायला लागतंय. मोठेपणी शिकून येत न्हाई."

आपण आज ज्याला गॅस टॉर्च म्हणतो त्याचं सगळं तत्त्व या फुंकणीत आहे. ज्वलनाला लागणारी हवा ज्योतीत भरपूर आणि नेमकी मिसळायची. जळण तेवढंच, पण उष्णता एका टोकाशी एकवटते. युरोपातले रसायनशास्त्रज्ञ अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात अशीच फुंकणी वापरून खनिजं ओळखायचे. १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत जो बर्नर तयार झाला, त्यात हवा तळाच्या भोकांतून आपोआप आत ओढली जाते. फुंकणाऱ्याच्या गालांची गरज संपली. आपल्या शाळेतला बुन्सेन बर्नर, घरातली शेगडी आणि हातातला टॉर्च, तिन्ही त्याच पठडीतले. शेगडीच्या नळीला खालच्या बाजूला जी भोकं असतात ती हवेसाठीच. ती धुळीने बुजली की ज्योत पिवळी होते आणि भांडी काळी पडतात.

मागून आणलेला विस्तव

त्याआधी विस्तव पेटवायचा कसा? आमच्या आजीच्या पिढीत तो पेटवण्यापेक्षा राखण्यावर भर होता. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकायचा आणि पहाटे फुंकर घालून जागा करायचा. विझलाच, तर शेजारी जायचं. गोवरीच्या तुकड्यावर शेजारणीने दिलेला निखारा घेऊन, वाऱ्यापासून पदराने आडोसा करत बायका घरी यायच्या. विस्तव मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये असा रिवाज होता. भांडण असलं तरी विस्तव दिला जायचा.

प्रवासात आणि रानात चकमक असायची. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून ठिणगी पाडायची आणि ती कापसावर झेलायची. चकमक हा शब्द तुर्कीतून आपल्याकडे आला आहे. आजही तुर्कस्तानात दुकानात जाऊन सिगारेटचा लायटर मागायचा तर 'चाकमाक' असंच म्हणतात. आपल्याकडे मात्र वस्तू गेली आणि शब्द उरला तो सीमेवरच्या चकमकींपुरता.

काडेपेटीची किंमत

बहुतेकांना वाटतं की आधी काडेपेटी आली आणि मग लायटर. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. १८२३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांनी एक दिवा केला. जस्त आणि आम्लातून निघणारा हायड्रोजन वायू प्लॅटिनमच्या सच्छिद्र तुकड्यावर सोडला की तो आपोआप पेट घ्यायचा. हा पहिला लायटर. तो मेजावर ठेवण्याइतका मोठा होता. घासून पेटणारी काडी त्यानंतर आली. इंग्लंडमधले औषधविक्रेते जॉन वॉकर यांनी १८२७ मध्ये ती विकायला सुरुवात केली.

पुढे काडी सहज पेटावी म्हणून तिच्या टोकाला पांढरा फॉस्फरस लावू लागले. ही काडी कुठेही घासली तरी पेटायची. गिऱ्हाईक खूश झालं, पण कारखान्यात ती बनवणाऱ्या मुलींच्या जबड्याची हाडं फॉस्फरसच्या वाफांनी सडू लागली. लंडनच्या ब्रायंट अँड मे या कारखान्यातल्या सुमारे चौदाशे कामगारांनी, त्यात बहुतेक मुली आणि बायकाच, जुलै १८८८ मध्ये संप केला. त्यांची बाजू वर्तमानपत्रात मांडणाऱ्या बाई म्हणजे अ‍ॅनी बेझंट. पुढे १८९३ मध्ये त्या भारतात आल्या, होमरूल चळवळ उभी केली आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. शाळेत आपण त्यांचं नाव पाठ केलं, पण काडेपेटीशी त्यांचा संबंध आपल्याला कुणी सांगितला नाही. १९०६ मध्ये बर्न येथे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतात १९१३ मध्ये तसा कायदा आला.

आपण वापरतो ती सुरक्षित काडी स्वीडनची. तिथले रसायनशास्त्रज्ञ पाश यांनी १८४४ मध्ये युक्ती केली ती अशी : पेटण्याचं साहित्य दोन ठिकाणी वाटून टाकायचं. निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला आणि बाकीचं काडीच्या टोकाला. दोन्ही भेटल्याशिवाय आग नाही. लुंडस्ट्रॉम बंधूंनी योन्शॉपिंग गावी तिचा मोठा कारखाना काढला. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि आपलं हातकणंगले त्या मार्गावरचं स्टेशन झालं. परदेशी माल बंदरातून उतरून थेट आपल्या भागात पोचण्याची वाट मोकळी झाली ती तेव्हा.

१९२२ मध्ये परदेशी काडेपेट्यांवर सरकारने जबर आयात कर बसवला. त्याचे दोन परिणाम झाले. स्वीडिश कंपनीने इथेच कारखाना काढायचं ठरवलं आणि १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, स्थापन झाली. तिचा अंबरनाथचा कारखाना मुंबईकडच्या नातेवाइकांना माहीत असेलच. त्याच सुमारास तामिळनाडूतल्या शिवकाशीहून अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोन चुलतभाऊ कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायला शिकून आले. त्या दुष्काळी मुलखाला त्यातून रोजगार मिळाला. मात्र लहान मुलांचे हातही त्यात जुंपले गेले. १९८६ च्या बालकामगार कायद्यात काडेपेटी उत्पादन हा मुलांना मनाई असलेला धंदा म्हणून नोंदवावा लागला.

बँकवाल्याला कराचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९३४ मध्ये काडेपेटीवर अबकारी कर आला आणि कर भरल्याची कागदी पट्टी पेटीवर डकवली जाऊ लागली. अगदी गरिबाच्या चुलीपर्यंत पोचलेला हा कर होता. भावाचं म्हणाल, तर एक रुपयाची काडेपेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली, तीही चौदा वर्षांनी. एवढी वर्षं भाव न वाढलेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

स्टोव्ह, गॅसबत्ती आणि बातमीतला भडका

स्वीडनने आपल्याला आणखी दोन वस्तू दिल्या. १८८२ मध्ये नायबर्ग यांनी ब्लो लॅम्प बाजारात आणला. पंपाने दाब दिलेलं इंधन तापलेल्या नळीत वाफ होऊन बारीक छिद्रातून झोताने बाहेर पडायचं आणि जळायचं. हातात धरायचा हा पहिला खरा टॉर्च. त्याच तत्त्वावर १८९२ मध्ये लिंडक्विस्ट यांनी स्टोव्ह केला, तो आपला प्रायमस. फर्रर्र आवाज, स्पिरिटची वाटी, पिन मारणं हे सगळं पन्नाशीच्या पुढच्या सभासदांना आठवत असेल. रॉकेल हा शब्दही 'रॉक ऑइल'चाच मराठी अवतार.

लग्नातली, कीर्तनातली गॅसबत्ती हीसुद्धा दाबाच्या रॉकेलवर चालायची. तिची जाळी, म्हणजे मँटल, ऑस्ट्रियाचे आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये शोधली. जाळीसाठी लागणारं थोरियम मोनाझाइट वाळूतून काढल्यावर सिरियमसारखे धातू वाया जायचे. या टाकाऊ मालाचं काय करावं हे शोधता शोधता १९०३ मध्ये त्यांनी सिरियम आणि लोखंडाचा एक मिश्रधातू केला. तो खरवडला की ठिणग्या उडतात. सिगारेट लायटरमध्ये चाकाखाली जो खडा असतो तो हाच. लोक त्याला गारगोटी समजतात, पण तो धातू आहे. आपल्या त्रावणकोरच्या, म्हणजे आजच्या केरळच्या, किनाऱ्यावरही अशी वाळू १९०९ मध्ये सापडली.

स्टोव्हने चुलीच्या धुरातून बायकांना सोडवलं, हे खरं. पण 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्रात इतक्या वेळा यायची की वाचणारा पान उलटायचा. काही अपघात खरेच होते. छिद्र तुंबलेलं असताना पंप मारत राहणं, तापलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं, अंगावर नायलॉनची साडी. पण सासूच्या हातून, नवऱ्याच्या हातून कधीच भडका कसा उडत नाही, हा प्रश्न देशातल्या स्त्री संघटनांनी विचारला. त्यानंतर १९८३ मध्ये कलम ४९८-ए आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४-बी आलं. विस्तवाच्या इतिहासात ही पानं गाळता येत नाहीत.

गॅस आला

मुंबईत घरगुती सिलिंडरचा गॅस १९५५ च्या सुमारास 'बर्शेन' या नावाने आला. १९६५ मध्ये इंडेनची सुरुवात कलकत्त्यात झाली. आपल्या बाजूला तो पोचायला आणखी पुष्कळ वर्षं लागली आणि नंबर लागायला त्याहून जास्त. ऐंशीच्या दशकात गॅसचं कनेक्शन मिळालं की पेढे वाटल्याचं मला आठवतं.

हुपरीत फरक पडला तो याच गॅसने. काही घरांतून फुंकणी जाऊन सिलिंडरला जोडलेला टॉर्च आला. अशा एका तपासणीत कर्जदाराने मला नवा टॉर्च पेटवून दाखवला आणि शेजारी बसलेल्या वडिलांकडे बोट करून म्हणाला, "आबांचा दम वाचला." त्या म्हाताऱ्या माणसाला दम्याचा त्रास होता. कर्जाच्या अर्जावर हेतू म्हणून 'उत्पादनवाढ' असं लिहिलं होतं. दम वाचल्याची नोंद करायला फॉर्मवर रकाना नव्हता.

टॉर्चने फुंकण्याचे कष्ट वाचवले, पण धूर राहिलाच. जोड लवकर वितळावा म्हणून काही ठिकाणी कॅडमियम मिसळलेला मिश्रधातू वापरला जायचा. सोन्याच्या दुकानात आपण 'केडीएम' ऐकतो ते यावरूनच. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, म्हणजे टॉर्चखाली त्याची वाफ होणारच. ती फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते. आता कॅडमियमविरहित साहित्य मिळतं, ते वापरावं आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. पैंजण घेताना वजन आणि मजुरीवर आपण घासाघीस करतो, तेव्हा मजुरीत काय काय येतं हे लक्षात असावं.

लायटर आतून कसा असतो

स्वयंपाकघरातल्या लायटरमध्ये गॅस नसतो, सेलही नसतो आणि खडाही नसतो. पॅरिसचे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं की काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते. लायटरचं बटण दाबलं की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि एक छोटी हातोडी सुटून स्फटिकासारख्या तुकड्यावर आपटते. तो 'टक' आवाज हातोडीचा. क्षणभर हजारो व्होल्टची वीज तयार होते आणि टोकाशी ठिणगी पडते. दाब हजारो व्होल्टचा असला तरी वीज अगदी थोडी असते, म्हणून फार तर चटका बसतो. लायटर चालेनासा झाला तर बहुधा टोकाला तेलकट थर बसलेला असतो किंवा आत ओल गेलेली असते. कोरड्या फडक्याने पुसावा, उन्हात ठेवावा. पेटत्या बर्नरवर धरून वाळवू नये.

सिगारेटचा लायटर आणि हातातला लहान टॉर्च यांत ब्युटेन असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळतो. म्हणजे आपल्याकडच्या हवेत तो वायूच व्हायला हवा. केवळ दाबाखाली कोंडल्यामुळे आत द्रवरूप राहतो. ऊन लागलं की हा दाब वाढतो. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवलेला लायटर फुटतो तो यामुळे.

वीस रुपयांहून स्वस्त लायटरच्या आयातीवर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदी घातली आणि २०२४ मध्ये त्यांच्या सुट्या भागांवरही. तामिळनाडूतल्या काडेपेटी कारागिरांची ती मागणी होती. दोनशे वर्षांपूर्वी सुरू झालेली काडी आणि लायटरची स्पर्धा अजून मिटलेली नाही.

आपल्या इमारतीतला विस्तव

आता मुद्द्यावर येतो. काडेपेटीच्या काळात क्रम आपोआप बरोबर असायचा : काडी आधी पेटवायची, मग गॅस सोडायचा. लायटर आल्यावर तो उलटला. अनेक घरांत बटण आधी फिरवलं जातं आणि मग लायटर कुठे ठेवला ते शोधलं जातं. तेवढ्या वेळात सुटलेला गॅस जातो कुठे? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, दाराखालून जिन्यात जातो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं की एक ठिणगी पुरते.

गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे आपली सगळी भिस्त नाकावर. आणि आपल्या सोसायटीत सत्तरी ओलांडलेली किती जोडपी एकटी राहतात ते आपल्याला ठाऊक आहे. वयाबरोबर वास घेण्याची शक्ती कमी होते. माझ्या पत्नीला कोरोनानंतर वास येणं जवळजवळ बंद झालं आहे. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी फिरायला गेलो होतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस चालू होता. ती शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होती. जिन्यातून क्लासला निघालेली वरच्या मजल्यावरची मुलगी थांबली, दार वाजवून म्हणाली, "आजी, गॅसचा वास येतोय." आणि बेल न वाजवता हाताने दार वाजवलं, हे विशेष. शाळेत शिकवलं होतं म्हणे. बेलच्या ठिणगीचं काय झालं असतं, ते लिहीत नाही.

पूर्वी शेजारीण निखारा द्यायची. आज शेजारच्या मुलीने तिचं नाक दिलं. लायटरमुळे प्रत्येकाचा विस्तव प्रत्येकाच्या घरात गेला असं आपल्याला वाटतं, पण एका जिन्याला जोडलेल्या घरांत कुणाचाच विस्तव त्याच्या एकट्याचा नसतो. म्हणून काही गोष्टी सगळ्यांनी मिळून पाळाव्यात असं सुचवतो.

एक, लायटर हातात घेतल्याशिवाय गॅसचं बटण फिरवू नये. दोन-तीन 'टक' नंतरही पेटला नाही तर बटण बंद करून, खिडकी उघडून थोडं थांबावं.

दोन, वास आल्यास आधी बटण आणि रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात. विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नये. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.

तीन, गॅसची नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर मुदत छापलेली असते. ज्यांना वाकून वाचता येत नाही त्यांच्या घरी तरुण सभासदांनी जाऊन बघावं.

चार, नातवंडं केकवरची साखर खरपूस करायला ऑनलाइन छोटा टॉर्च मागवतात. हौस म्हणून ठीक आहे. पण तो भरताना जवळ शेगडी, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नसावं, खिडकी उघडी असावी आणि भरल्यावर काही मिनिटं थांबूनच पेटवावा. वापरानंतर तोंड बराच वेळ तापलेलं असतं.

पाच, आणि हे कार्यकारिणीसाठी. इमारतीला पंचवीस वर्षं झाली, गच्ची गळते आहे आणि डांबरी शीट बसवण्याचा ठराव येणार आहे. हे शीट मोठ्या गॅस टॉर्चने वितळवून चिकटवतात. ठेकेदाराचा सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच असावा, घरगुती १४.२ किलोचा नव्हे. गच्चीवर अग्निशामक, वाळू आणि पाणी तयार असावं. टाकीजवळचं प्लास्टिक, दोऱ्या, अडगळ आधी हलवावी. काम संपल्यावर किमान तासभर एका माणसाने वरच थांबावं, कारण डांबराखाली धुमसणारी आग उशिरा दिसते. तसंच २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात अग्निसुरक्षा यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये देण्याची तरतूद आहे. जिन्यातल्या लाल नळकांड्यांवरची तारीख येता-जाता सगळ्यांनीच वाचावी. ती फक्त सेक्रेटरींची जबाबदारी मानू नये.

वर्षातून एक रविवार यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. सकाळी नळ्या आणि लायटर तपासायचे, मुलांना अग्निशामक हाताळायला शिकवायचं आणि जी ज्येष्ठ मंडळी वास घेऊ शकत नाहीत त्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांनी लक्षात ठेवायची. पहिल्या रविवारी चहाचा खर्च माझ्याकडे.

— एक ज्येष्ठ सभासद
(सेवानिवृत्त बँक अधिकारी)